ग्रुपमधला संदेश हटवल्यावर सदस्याला काय आणि कसे कळवावे: नव्या अॅडमिनसाठी

इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा ज्या भागांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, तेथे आता गणेशोत्सवाच्या वर्गणीपासून नाटकाच्या प्रवेशिकांपर्यंत आणि फराळाच्या मागणीपासून कोणाच्या घरच्या दुःखद बातमीपर्यंत सारे काही व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरच कळते. अशा ग्रुपचे अॅडमिन होणाऱ्याला संदेश हटवण्याचे आणि सदस्य काढण्याचे बटण कोठे आहे हे एका दिवसात समजते. पण ते बटण दाबल्यानंतर समोरच्या माणसाला काय सांगायचे, हे कोणी शिकवत नाही. हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

माझ्या हातून झालेली चूक आधी सांगतो, कारण पुढची बरीचशी पद्धत तिच्यातून आली आहे. आमच्या वसाहतीच्या ग्रुपवर एका निवृत्त शिक्षकांनी एका विद्यार्थ्याच्या शुल्कासाठी मदतीचे आवाहन टाकले आणि खाली बँकेचा खाते क्रमांक दिला. पैशांचे आवाहन पडताळल्याशिवाय राहू द्यायचे नाही, असे आम्ही अॅडमिनमंडळींनी आपसांत ठरवले होते. म्हणून मी तो संदेश हटवला आणि कामाला लागलो. गुरुजींना एक शब्दही कळवला नाही. दुसऱ्या दिवशी ते ग्रुपमधून बाहेर पडले. आठवड्याने मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मी खोटे बोलून पैसे मागतो आहे, असे तुम्हाला वाटले का?" माझा निर्णय चुकीचा नव्हता, पण त्याचे कारण न सांगितल्यामुळे त्यांनी त्यांच्या परीने एक कारण शोधले होते आणि ते खऱ्या कारणापेक्षा कितीतरी कडू होते.

पहिली पायरी: नियम आधी सांगितलेला असावा

ज्या नियमाच्या आधारे आपण संदेश हटवणार, तो नियम सदस्यांनी आधी वाचलेला असला पाहिजे. वरच्या प्रसंगात आमचा नियम केवळ आमच्या तिघांच्या डोक्यात होता, आणि असा नियम सदस्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो. ग्रुपच्या वर्णनात सहा-सात नियम क्रमांक देऊन लिहावेत. क्रमांक असला की पुढे कळवताना "नियम 3" असे नेमके बोट ठेवता येते.

नियमाची भाषा कृतीची असावी. "आक्षेपार्ह मजकूर टाकू नये" हा नियम कोणालाच काही सांगत नाही, कारण स्वतःचा मजकूर कोणालाच आक्षेपार्ह वाटत नाही. त्याऐवजी "आर्थिक मदतीचे आवाहन, खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड अॅडमिनला विचारल्याशिवाय टाकू नये" किंवा "रक्ताची गरज असल्याचा संदेश त्यातील क्रमांकावर स्वतः बोलून, त्या दिवशी गरज आहे याची खात्री करूनच टाकावा" असे लिहावे. रक्ताच्या जुन्या संदेशांचा त्रास ज्या घरांनी भोगला आहे त्यांना याचे महत्त्व सांगावे लागत नाही. रुग्ण बरा होऊन घरी येतो, कधी कधी जगातून निघून जातो, आणि तरीही त्या क्रमांकावर अनोळखी माणसांचे फोन महिनोन्‌महिने येत राहतात.

इंदूरपुरती एक गोष्ट येथे आवर्जून सांगायला हवी. आपल्या अनेक घरांत सुना आणि जावई हिंदी भाषक आहेत, आणि आपल्या नव्या पिढीलाही मराठी बोलता येते पण सलग वाचायचे म्हटले की कष्ट पडतात. ग्रुप मराठी असावा याबद्दल माझे मत ठाम आहे. परंतु ज्या नियमामुळे एखाद्याचा संदेश जाऊ शकतो, तो नियम त्याला कळेल अशा भाषेतही असायला हवा. म्हणून नियम मराठीत लिहावेत आणि त्याखाली हिंदीत द्यावेत.

दुसरी पायरी: हटवण्याआधी विचारता येईल का, हे पाहावे

2022 पासून व्हॉट्सअॅपवर अॅडमिनला ग्रुपमधील कोणाचाही संदेश सर्वांसाठी हटवता येतो. असे केले की मजकुराच्या जागी अॅडमिनने संदेश हटवल्याची ओळ अॅडमिनच्या नावासह सर्वांना दिसते. याचा अर्थ असा की हटवण्याची कृती कधीच गुपचूप होत नाही. शे-दोनशे परिचितांसमोर ती घडते, आणि ज्याचा संदेश होता त्याला ती चारचौघांत झालेल्या कानउघाडणीसारखी लागते.

त्याच वर्षापासून सदस्यालाही स्वतःचा संदेश सर्वांसाठी मागे घ्यायला दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो. हा वेळ अॅडमिनच्या फार उपयोगाचा आहे. घाईचे कारण नसेल तर आधी सदस्याला खाजगीत लिहावे: "काका, सकाळी आपण टाकलेला मधुमेहाच्या काढ्याचा संदेश पडताळलेला दिसत नाही. आपल्या ग्रुपच्या नियम 4 मध्ये तो बसत नाही. आपण स्वतःच मागे घ्याल का?" माझ्या अनुभवात बहुतेक ज्येष्ठ मंडळी अशा विनंतीनंतर संदेश स्वतःहून काढतात, त्यांचा मान राहतो आणि ग्रुपवर अॅडमिनचे नाव असलेली ओळही उमटत नाही.

काही संदेशांना मात्र थांबायला वेळ नसतो. कोणाचा पत्ता किंवा फोन क्रमांक त्याच्या परवानगीविना टाकलेला असणे, अपघाताची किंवा मृतदेहाची छायाचित्रे, कोणाला जातीवरून वा धर्मावरून केलेली शिवीगाळ, फसवणुकीचा संशय असलेली लिंक, हे लगेच हटवावे आणि नंतर कळवावे. अशा वेळी हटवण्यापूर्वी संदेशाचा स्क्रीनशॉट घेऊन वेळेसह जपून ठेवायला विसरू नये. संदेश एकदा गेला की "मी असे लिहिलेच नव्हते" आणि "तुम्ही असेच लिहिले होते" या वादाला अंत राहत नाही.

तिसरी पायरी: निर्णय कोणी घ्यायचा

ग्रुपला किमान तीन अॅडमिन असावेत. ज्या संदेशात एखाद्या अॅडमिनवर किंवा त्याच्या घरच्यांवर टीका आहे, त्याचा निर्णय त्या अॅडमिनने घेऊ नये आणि कळवण्याचे कामही त्याने करू नये. आपल्याच भांडणात आपण न्यायाधीश होऊ नये हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व मोठ्या न्यायालयाइतकेच वसाहतीच्या ग्रुपलाही लागू पडते.

चौथी पायरी: सदस्याला लिहिण्याचा मजकूर

सगळ्यांत जास्त काळजी येथे घ्यावी लागते. मजकुरात चार गोष्टी असल्याच पाहिजेत: कोणता संदेश हटवला, कोणत्या नियमाने हटवला, निर्णय कोणाचा आहे, आणि तो पटला नाही तर सदस्याने काय करायचे.

ही यादी मी मनाने केलेली नाही. समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी मजकूर हटवताना कसे वागावे यासाठी 2018 मध्ये अमेरिकेत काही संस्थांनी आणि अभ्यासकांनी मिळून 'सांता क्लारा तत्त्वे' मांडली, आणि त्यांत किती मजकूर हटवला त्याचे आकडे जाहीर करणे, संबंधिताला कारणासह सूचना देणे व दाद मागण्याची सोय ठेवणे या तीन गोष्टींवर भर दिला. आपल्या देशातही माहिती तंत्रज्ञानाविषयीच्या 2021 च्या नियमांनुसार 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीने काही कारणांसाठी स्वतःहून मजकूर हटवला, तर संबंधिताला तसे कारणासह कळवून त्याला आपली बाजू मांडण्याची संधी देणे अपेक्षित आहे. आपला ग्रुप या नियमांखाली येत नाही, परंतु लाखो लोकांच्या कंपनीकडून जे अपेक्षिले जाते ते शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी करायला अवघड नाही. कारण सांगण्याचा उपयोग होतो, याला अभ्यासाचाही आधार आहे. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरील सुमारे 3 कोटी 20 लाख नोंदींचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नोंद हटवल्याचे कारण सांगितले गेले, त्यांच्या पुढच्या नोंदी हटवाव्या लागण्याची शक्यता कमी झाल्याचे त्यात आढळले.

आता प्रत्यक्ष नमुना देतो. "नमस्कार काकू. आज दुपारी सव्वातीनला आपण ग्रुपवर टाकलेला 'तातडीने मदत हवी' असा सुरू होणारा संदेश आम्ही हटवला आहे. त्यात खाते क्रमांक होता आणि नियम 3 प्रमाणे असे आवाहन आधी अॅडमिनला दाखवावे लागते. हा निर्णय आम्ही दोघा अॅडमिननी मिळून घेतला. आपल्या हेतूबद्दल आमच्या मनात शंका नाही. रुग्णालयाचे कागद मला पाठवलेत तर पाहून संदेश पुन्हा टाकता येईल. निर्णय पटला नसेल तर तिसऱ्या अॅडमिनना अवश्य लिहा, ते स्वतंत्रपणे पाहतील." हा मजकूर मोठा वाटेल, पण त्यातले एकही वाक्य गाळण्यासारखे नाही. हेतूबद्दलचे वाक्य तर कधीच गाळू नये. माझ्या गुरुजींना तेवढे एकच वाक्य हवे होते. मात्र ते खरे असेल तरच लिहावे. जेथे सदस्याने जाणूनबुजून कोणाला दुखावले आहे तेथे "आपला हेतू चांगलाच असणार" असे लिहिणे म्हणजे ज्याला दुखावले गेले त्याच्यावर अन्याय आहे.

भाषेबद्दल तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे कर्ता लपवू नये. कार्यालयीन मराठीची सवय असलेल्या आपल्यासारख्यांच्या हातून "आपला संदेश हटवण्यात आलेला आहे, याची कृपया नोंद घ्यावी" असे वाक्य सहज उतरते. ते वाचणाऱ्याला वीजबिल थकल्याची नोटीस आल्यासारखे वाटते, आणि हटवले कोणी हे त्याला कळत नाही. "आम्ही हटवला" असे लिहिल्याने निर्णयाची जबाबदारी घेतली जाते आणि प्रश्न कोणाला विचारायचा हेही समजते. दुसरी गोष्ट अशी की सर्वांना "आपण" म्हणावे. ज्या मित्राला आपण लहानपणापासून "अरे" म्हणत आलो त्यालाही निर्णय कळवताना "आपण"च लिहावे, नाहीतर मित्राला एक वागणूक आणि परक्याला दुसरी, असा समज होतो. मैत्रीचे बोलणे त्यानंतर स्वतंत्र करावे. तिसरी गोष्ट माणसाविषयीच्या विशेषणांची आहे. "बेजबाबदार", "अशोभनीय", "सुशिक्षित असूनही" असे शब्द संदेशातल्या चुकीबद्दल काहीच सांगत नाहीत, ते फक्त माणसाला तोलतात. "या संदेशातील तिसऱ्या ओळीत एका समाजाबद्दल अपशब्द आहे" असे म्हटले की बोलणे मुद्द्यावर राहते.

सदस्य हिंदी भाषक असेल तर त्याला हिंदीत लिहावे. नियमांच्या बाबतीत जे सांगितले तेच येथे लागू आहे, आणि निर्णय कळवताना मराठीचा आग्रह धरल्यास मूळ मुद्दा बाजूला पडून भाषेचाच वाद उभा राहतो.

सत्तरी ओलांडलेल्या सदस्यांना आधी फोन करावा आणि मग लिहावे. नुसते लिहिले तर कोरडेपणा वाटतो, आणि नुसता फोन केला तर काय बोलणे झाले हे दोन्ही बाजूंना वेगवेगळे आठवते. म्हणून फोनवर विचारपूस करून विषय सांगावा आणि "हेच मी लिहूनही पाठवतो" असे म्हणून लगेच पाठवावे. रात्री दहानंतर निर्णय कळवू नये. तातडीचा संदेश रात्री हटवावाच लागला तर "एक संदेश नियम 5 प्रमाणे हटवला आहे, सकाळी सविस्तर बोलतो" एवढी एक ओळ त्याच वेळी पाठवावी, कारण काहीच न कळता काढलेली रात्र माणसाला फार लांबची वाटते.

पाचवी पायरी: ग्रुपवर काय सांगावे

माणसाबद्दल बोलायचे ते खाजगीत आणि नियमाबद्दल बोलायचे ते ग्रुपवर, एवढी विभागणी पाळली तरी निम्मे तंटे टळतात. ग्रुपवर एकच वाक्य पुरते: "आर्थिक आवाहनाचा एक संदेश नियम 3 प्रमाणे हटवला आहे, संबंधितांशी बोलणे झाले आहे." येथे नाव नको आणि उपदेशही नको.

आपल्याकडे रूढ असलेली एक पद्धत मला अत्यंत चुकीची वाटते. नाव न घेता "काही सदस्यांना वारंवार सांगूनही समजत नाही" असे ग्रुपवर लिहायचे, आणि ते कोणाबद्दल आहे हे सर्वांना अचूक कळू द्यायचे. हा टोमणा आहे. ज्याच्याबद्दल तो असतो त्याला उत्तर देता येत नाही, कारण उत्तर दिले तर "तुमचे नाव कोणी घेतले?" असे ऐकावे लागते. पाच मिनिटांचा अवघड फोन टाळण्यासाठी अॅडमिन हा मार्ग घेतात; त्यातून निर्माण झालेली अढी मात्र पुढच्या गणेशोत्सवाच्या बैठकीपर्यंत टिकते.

इतर सदस्य विचारू लागतील की कोणाचा संदेश होता आणि त्यात काय होते. "तो मजकूर पुन्हा सांगितला तर हटवण्याला अर्थ उरत नाही" असे एकदा सांगून थांबावे.

सहावी पायरी: उत्तर आल्यावर

सदस्य रागावून लिहील हे गृहीत धरावे. 2021 चे नियम आले तेव्हा कंपन्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी आणि सर्वसाधारणपणे 15 दिवसांत तिचा निकाल लावावा असे त्यांत म्हटले होते. ग्रुपसाठी पोच त्याच दिवशी आणि उत्तर तीन दिवसांत, हे प्रमाण मला योग्य वाटते. पोच म्हणजे "आपले म्हणणे मिळाले, तिसरे अॅडमिन पाहून परवापर्यंत कळवतील" एवढीच ओळ. मूळ निर्णय ज्याने घेतला नाही त्यानेच तक्रार पाहावी, आणि सदस्याने जे मुद्दे मांडले त्यांतील प्रत्येकाला उत्तर द्यावे. "निर्णय कायम आहे" एवढेच लिहिले तर तक्रार वाचली गेली की नाही हेसुद्धा सदस्याला कळत नाही.

आपण चुकलो असे दिसले तर दुरुस्ती ग्रुपवर करावी. हटवल्याची ओळ सर्वांनी पाहिली होती, म्हणून "काल हटवलेला संदेश नियमात बसत होता, आमची समजूत चुकली होती, सदस्याची क्षमा मागून तो पुन्हा टाकत आहोत" हेही सर्वांना दिसले पाहिजे. पुन्हा टाकण्यासाठी मजकूर जपलेला असावा, हे त्या स्क्रीनशॉटचे दुसरे कारण. गुरुजींच्या बाबतीत मी घरी जाऊन माफी मागितली, पण ग्रुपवर काहीच लिहिले नाही. ते मी करायला हवे होते असे मला आजही वाटते.

दोनदा सविस्तर उत्तर दिल्यावरही तोच मुद्दा पुन्हा येत राहिला, तर तिसऱ्यांदा वाद घालू नये. "या विषयावर आम्हाला जे सांगायचे होते ते सांगून झाले आहे, मंडळाच्या पुढील बैठकीत आपण हा विषय अवश्य मांडा" असे लिहावे आणि बैठकीत तो खरोखर घ्यावा. भांडणाच्या भरात व्हॉइस मेसेज पाठवू नये. आवाजातला राग शब्दांपेक्षा जास्त ऐकू येतो, आणि तो मेसेज पुढे कोणाकोणाच्या घरी वाजतो यावर आपला ताबा राहत नाही.

सातवी पायरी: सदस्याला काढावे लागले तर

त्याआधी निदान एकदा लेखी समज दिलेली असावी, आणि तिच्यात पुढे काय होईल हे स्पष्ट असावे. "पुन्हा असे झाल्यास योग्य ती कारवाई केली जाईल" ही समज नव्हे. "पुन्हा कोणा सदस्यावर वैयक्तिक शिवीगाळ झाली तर आपल्याला 30 दिवसांसाठी ग्रुपमधून काढावे लागेल" ही समज. काढल्याच्या दिवशी कारण आणि परत घेण्याची तारीख दोन्ही लिहून द्यावे. आपल्या ग्रुपवर अंत्ययात्रेची वेळसुद्धा कळवली जाते, हे लक्षात ठेवून काढलेल्या माणसाला अशा बातम्या कोण कळवणार हेही ठरवावे आणि त्याला सांगावे. शिक्षा बोलण्यापुरती असावी. शेजाऱ्याच्या दुःखात उभे राहण्यापासून कोणाला दूर ठेवण्याचा अधिकार अॅडमिनला नाही.

पुष्कळ नवे अॅडमिन भीतीपोटी घाईने माणसे काढतात, कारण सदस्याच्या संदेशासाठी पोलीस आपल्याला धरतील असे त्यांनी ऐकलेले असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये असे म्हटले की समान हेतू किंवा आधी ठरलेला कट नसेल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही 2022 मध्ये अॅडमिनच्या बाजूने तसाच निर्णय दिला. इंदूर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या कक्षेत असल्यामुळे हे निर्णय येथे बंधनकारक नाहीत, आणि नागपूरचा निर्णय अॅडमिनला इतरांचे संदेश हटवण्याची सोय मिळण्याआधीचा आहे. म्हणून गंभीर संदेश दिसल्यावर स्वस्थ बसू नये. परंतु प्रत्येक मतभेदात सदस्याला "कायदेशीर कारवाई होईल" असे लिहिण्यालाही आधार नाही, आणि जे आपण करणार नाही त्याची धमकी लेखी कधीही देऊ नये.

ठरलेली तारीख आली की सदस्याने विनंती करण्याची वाट पाहू नये; अॅडमिननेच फोन करून "आज आपल्याला परत घेतो" असे सांगावे आणि त्याच दिवशी ग्रुपमध्ये घ्यावे. त्या वेळी ग्रुपवर स्वागत किंवा जुन्या प्रकरणाचा उल्लेख करू नये, आणि इतर कोणी तो काढला तर त्याला खाजगीत थांबवावे. त्यानंतर त्या सदस्याने नाटकाच्या दोन जादा प्रवेशिका आहेत असे लिहिले, तर इतर कोणालाही देतो तसेच साधे उत्तर त्याला द्यावे.